‘थांब’चे दोन अर्थ

राजेसाब नदाफांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान सोलापुरात हैदराबाद रोडला, मार्केट यार्डाच्या अलीकडं. शेतकरी कांद्याच्या पोत्यांबरोबर जळालेली मोटार त्याच टेम्पोत टाकून आणतात. कांदा यार्डात उतरतो, मोटार राजेसाबांच्या दारात. आत शिरलं की वार्निशचा उग्र वास, भिंतीवर तांब्याच्या तारेची वेटोळी आणि फरशीवर पोट उघडून पडलेल्या मोटारी. राजेसाबांची एकुलती एक मुलगी झीनत या वासातच वाढली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती पुण्याला नोकरीला गेली आणि आई वारल्यावर परत आली. राजेसाबांना वाटलं, पोरगी चार दिवस राहील आणि जाईल. ती दुकानाच्या कोपऱ्यात टेबल मांडून बसली ती बसलीच.

येणारा प्रत्येक जण एकच रडगाणं गायचा. शेतीची लाईट कधी येते कळत नाही. आली की विहिरीवर पळायचं, मोटार चालू करायची, पाणी भरलं की परत पळायचं बंद करायला. बाजारात फोनवरून मोटार चालवणारे डबे मिळत होते, पण त्यांना आकडे पाठवावे लागत. चालू करायला एक आकडा, बंद करायला दुसरा, वेळ लावायची तर आकड्यांची सगळी माळ. एक आकडा चुकला की डबा गप्प.

झीनतला वाटलं, माणूस मोटारीला मराठीत का नाही सांगू शकत? फोनच्या माइकमध्ये बोललं की मेसेज आपोआप लिहिला जातो. तो मेसेज डब्याला कळला म्हणजे झालं. तिनं सहा-सात महिने त्याच्यामागं घातले आणि मोटारींसाठी एक छोटी संगणकाची भाषा बनवली. नाव ठेवलं ‘पाट’. पाट जिकडं काढावा तिकडं पाणी जातं, म्हणून. त्या भाषेतला प्रोग्रॅम शाळेत न गेलेल्या माणसालाही सांगता यायचा:

वीज आली तर मोटर चालू.
थांब चाळीस मिनिटं.
मोटर बंद.

यातलं ‘थांब’ म्हणजे वाट बघ. मोटार जे करत असेल ते करू दे, आणि सांगितलेला वेळ गेल्यावर पुढची ओळ वाच. घरी ती आणि अब्बा दखनी बोलत. ‘ठैर जरा’ हे दिवसातून शंभरदा कानावर पडणारं. त्या ‘ठैर’चं तिनं मराठी केलं ‘थांब’. कोणी किती वेळ ते सांगायला विसरलं तर डबा एक मिनिट धरायचा आणि आपलं काम पुढं सुरू करायचा. ही सोय तिनं मुद्दाम ठेवली होती. एका विसरलेल्या आकड्यापायी कोणाचं पीक तहानलेलं राहू नये, एवढाच तिचा हेतू.

डबे खपले. दक्षिण सोलापूर, मोहोळ, बार्शीकडं गेले. राजेसाब गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचे, “माझी मुलगी मोटारीला मराठी शिकवते.”

पहिला धक्का बसला तो मोडनिंबजवळच्या एका डाळिंबाच्या बागेत. मोटार तपासायला म्हणून गेलेली झीनत शेजारच्या शेडमध्ये सहज डोकावली, तर तिथं परका हिरवा डबा आणि त्यावर पिवळ्या रंगात लिहिलेलं, ‘पाट’. मालकानं फोन काढून तिच्यासमोर मेसेज पाठवला, “टाकीत पाणी न्हाय तर मोटर चालू,” आणि मोटार चालू झाली. झीनत बघतच राहिली. भाषा तिचीच होती, पण तोंड दुसऱ्याचं होतं. आपल्या घरातलं लेकरू वाटेत भेटावं आणि त्यानं आपल्याला ओळखूही नये, तसं झालं तिला. तिनं डब्यातल्या चिपला कुलूप घातलं नव्हतं. घालायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मोडनिंबच्या बिभीषण नावाच्या, मोटारींचे स्विचबोर्ड बनवणाऱ्या पॅनेलवाल्यानं चिपमधली भाषा उतरवून घेऊन गावच्या बोलीत बसवली होती.

मग तसंच दुधनीला सापडलं. तिथल्या तिप्पण्णानं अर्धे शब्द कानडी घातले होते. पुढं कळलं की शहरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या सुताला रंग देणाऱ्या कारखान्यांत पाण्याच्या टाक्यांना महेश्वरी नावाची एक बाई आपला ‘पाट’ बसवून देते, त्यात मिनिटांऐवजी सेकंद चालतात. सगळ्यांच्या डब्यावर नाव एकच. झीनत दोन दिवस जेवली नाही. राजेसाब म्हणाले, “चोरी है बेटा, सीधी चोरी.” ती वकिलाकडं जाऊन आली. वकिलानं जे सांगितलं त्यावरून पुढं काही होईल असं दिसेना. तिनं दात-ओठ खाल्ले आणि आपलं काम धरलं. दुकानात येणारा शेतकरी आता विचारायचा, “तुमचा पाट कंचा? मोडनिंबचा का दुधनीचा?” स्वतःच्या भाषेचं गाव तिला सांगावं लागे. “सोलापूरचा,” ती म्हणायची. आतून संताप उसळायचा.

शिवराज दुकानात आला तो उन्हाळ्याच्या तोंडाला. चिंचोळीला टॉवेलच्या कारखान्यात कामाला असलेला, पोरसवदा चेहऱ्याचा बाप्या. आई-वडील मोडनिंबच्या पलीकडं गावी शेती करत. त्यांचा डबा वीज कमी-जास्त होऊन जळाला होता.

“ताई, हे पाटवरच चालतं ना? आईला तेच येतं.”

“हो हो, पाटच आहे,” झीनत म्हणाली. तिच्या लेखी पाट एकच होता. बाकीच्या चोऱ्या.

शिवराज डबा घेऊन गेला. काही दिवसांनी परत आला तेव्हा दुपारची वेळ होती आणि झीनत एका मोटारीचं कनेक्शन तपासत होती. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. शर्टाच्या बाहीवर सुकलेलं रक्त होतं. त्यानं फोन तिच्यापुढं धरला.

“ताई, हे वाचा.”

पडद्यावर दोनच ओळी होत्या. एक त्याच्या आईनं पाठवलेली: थांब. दुसरी डब्याकडून आलेली: ठीक आहे.

“काय झालं?”

“आप्पांचा हात गेला.”

त्यानं सांगितलं ते असं. सकाळी वीज नव्हती. पंपाच्या दांड्याजवळून पाणी गळत होतं म्हणून त्याचे वडील रावजी विहिरीवरच्या शेडमध्ये गळती थांबवणारी दोरी भरायला बसले. मोटार आणि पंप जिथं जोडलेले असतात, तिथल्या फिरत्या लोखंडाच्या जवळ हात घालून करायचं काम. मध्येच वीज आली तर पंचाईत, म्हणून त्यांनी घरी बायकोला सांगून ठेवलं होतं, “डब्याला थांब पाठव.” मथुराबाईंनी फोनमध्ये म्हटलं, थांब. डबा म्हणाला, ठीक आहे. थोड्या वेळानं वीज आली. डब्यावरचा दिवा लागला. रावजींनी मान वर करून पाहिलं. मोटार सुरू झाली नाही. त्यांची खात्री पटली. त्यांनी पुन्हा हात आत घातला.

झीनतला पुढचं ऐकायची गरज नव्हती. डब्यानं तो मेसेज बॅटरीवर घेऊन ठेवला असणार आणि वीज आल्यावर मिनिटभर थांबला असणार, तिनं सांगितल्याप्रमाणे. आणि मिनिट भरल्यावर त्यानं पुढची ओळ वाचली असणार, वीज आली तर मोटर चालू. डबा कुठंही चुकला नव्हता. त्यानं तिचं अक्षर न् अक्षर पाळलं होतं.

“पहिला डबा कोणाचा होता?” तिनं विचारलं.

“मोडनिंबच्या बिभीषणचा. त्याला थांब म्हटलं की तो बंदच व्हायचा. पुन्हा चालू म्हणेपर्यंत.”

हातातला टेस्टर कधी खाली पडला ते तिला कळलं नाही. राजेसाबांनी तो उचलून टेबलावर ठेवला. त्यांना अजून काही समजलं नव्हतं.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात मथुराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर घट्ट, मांडीवर फोन. रावजींची दोन बोटं गेली होती. बाकीचा हात राहील असं डॉक्टर म्हणत होते, पण चालेल असं म्हणत नव्हते. शिवराजनं सांगितलं, ह्या डबा बनवणाऱ्या ताई. झीनतची तयारी होती. मारलं तरी ती हूं की चूं करणार नव्हती.

मथुराबाईंनी तिचा हात धरून शेजारी बसवलं. “पोरी, माझंच चुकलं बग. मी नीट म्हनलं नसंल. माझं दात पडल्यात, शबूद नीट निगत न्हाय. मशिनीला दुसरंच ऐकू आलं असंल.”

“नाही मावशी,” झीनत म्हणाली, “तुम्ही बरोबर म्हणालात. डब्याला बरोबर ऐकू आलं.”

“मग?”

“त्याला थांबचा अर्थ वेगळा शिकवला होता. मी.”

मथुराबाई तिच्याकडं बघत राहिल्या. राग नव्हता चेहऱ्यावर, पण काही समजतही नव्हतं. “थांबला आनि दुसरा अर्थ कसला आस्तोय?” त्यांनी खरंच विचारलं. आत नर्सनं हाक मारली म्हणून त्या उठून गेल्या.

त्या संध्याकाळी झीनतनं दुकानातल्या सगळ्या डब्यांची विक्री बंद केली आणि जिथं जिथं आपले डबे आहेत तिथं मेसेज पाठवला, मोटारीजवळ हात घालण्याआधी मेन स्विच पाडा, डब्यावर विसंबू नका. मग बिभीषणला फोन लावला. तिप्पण्णाला लावला. महेश्वरीला लावला. ज्यांचं नाव घेतलं की तिच्या कपाळाची शीर उठायची, त्यांनाच ती म्हणाली, “एकदा बसू या. केस नाही, भांडण नाही. एका माणसाचा हात गेलाय.”

यार्डाला सुट्टी होती त्या दिवशी ते तिघं आले. दुकानाच्या माळ्यावर सतरंजी घातली. तिप्पण्णा दुधनीहून सकाळच्या गाडीनं आलेला, जाडजूड, कपाळाला भस्म, पिशवीतून शेंगाचटणीची पुडी काढून राजेसाबांच्या हातात देणारा. महेश्वरी पद्मशाली विणकरांच्या घरातली, बोलण्यात नेमकी, बसल्या बसल्या लॅपटॉप उघडून तयार. बिभीषण सगळ्यात शेवटी आला आणि दाराजवळच बसला. उंच, रापलेला, हातावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग.

झीनतनं घडलं ते सांगितलं. मग ती बिभीषणकडं वळली. बोलायचं नाही असं ठरवूनही तोंडातून निघालंच. “माझी भाषा उचललीत ते उचललीत. पण अर्थ कशाला बदललात? नाव तेच ठेवून अर्थ बदलला, म्हणून हे झालं.”

बिभीषण सतरंजीकडं बघत म्हणाला, “ताई, पयल्यांदा माझ्याबी डब्यात तुमच्यासारखंच व्हतं. माझ्या मेव्हन्याच्या पायपाचा जॉइंट फुटला. रानात पानीच पानी. त्यो फोनात थांब थांब म्हनून वरडतोय आन मोटार चालूच. डबा आपला म्हनतोय, ठीक हाय. लई नुकसान झालं त्याचं. तवा मी बदललं.”

“मग मला सांगायचं नाही?”

त्यानं मान वर केली. “सांगाया फोन केला व्हता की. म्हनलं, ताई, मी मोडनिंबचा बिभीषण, तुमच्या पाटात एक गोम हाय. तुमी म्हनाला, चोराशी मला बोलायचं न्हाय. आन फोन ठिवला.”

झीनतला तो फोन आठवला. स्टुलावर चढून ती वरच्या फळीवरचा डबा काढत होती. नाव ऐकताच अंगाचा तिळपापड झाला होता, आणि ‘गोम’ हा शब्द कानावर पडायच्या आतच बहुधा तिनं फोन कापला होता. किंवा पडला असेल आणि तिनं ऐकला नसेल. रावजींची बोटं त्या कापलेल्या फोनच्या पलीकडं होती. ती उठली, माळ्याच्या खिडकीशी गेली, खाली रस्त्यावरून जाणारे टेम्पो बघत उभी राहिली.

“आन खरं सांगायचं तर,” बिभीषण मागून म्हणाला, “मीबी मग गप बसलो. माझ्यापुरतं दुरुस्त झालं, म्हनलं, आपल्याला काय त्याचं. मोडनिंबात सोलापूरचा डबा येईल, सोलापुरात मोडनिंबचा जाईल, ह्ये माझ्याबी डोस्क्यात यायला पायजे व्हतं.”

महेश्वरीनं गाडी रुळावर आणली. थांब म्हणजे काय ते एकदाचं ठरवा, असं ती म्हणाली. तिच्या मते झीनतचाच अर्थ ठेवायला हवा होता. “रंगाच्या टाकीत सूत घातलं की थांब म्हणजे रंग चढेपर्यंत वाट बघ. आमचे सगळे कारागीर असंच बोलतात. उद्या थांब म्हटल्यावर पंप बंद झाला तर अर्धा टॉवेल लाल, अर्धा गुलाबी निघेल.”

“आन हिकडं मानूसच निकालात निघंल त्याचं काय?” बिभीषण उसळला.

दोघांचे आवाज चढले. ‘हाय’वर आणि ‘आहे’वरही वाद झाला, मिनिट आणि सेकंदावरही झाला. तिप्पण्णा इतका वेळ चटणीच्या पुडीचा दोरा बोटाला गुंडाळत बसला होता. तो म्हणाला, “झीनतक्का, एक सांगू का? आमच्या कन्नडात ही भानगडच न्हाय. निल्लु वेगळं, ताळु वेगळं. निल्लु म्हणजे आहेस तितं उभा ऱ्हा, हलू नको. ताळु म्हणजे जरा दम धर. तुमी दोन्ही कामं एका शब्दाला लावलीसा.”

झीनत खिडकीतून वळली. “काय म्हणालात?”

“दोन्ही कामं एका...”

“त्याच्या आधी. ताळु म्हणजे?”

“दम धर.”

महेश्वरीची बोटं लॅपटॉपवर थांबली. बिभीषण एकदम हसला, त्या दिवसात पहिल्यांदाच. दम धर! त्याच्या गावात आई पोराला म्हणते, गाडीवान बैलाला म्हणतो, आणि त्याचा अर्थ ‘मेलास तरी हलू नको’ असा कोणीच घेत नाही.

पुढचं मग भराभर ठरलं. ‘दम धर’ म्हणजे वाट बघ, आणि किती ते सांगितल्याशिवाय डबा काहीच करणार नाही. आकडा नसेल तर स्वतःच्या मनानं एक मिनिट धरायचं नाही. ‘किती?’ असं उलट विचारायचं. ‘थांब’ म्हणजे मोटार बंद, आणि माणसानं डब्यापाशी जाऊन हातानं बटण दाबल्याशिवाय ती कोणत्याही मेसेजनं, कोणत्याही विजेनं सुरू होणार नाही. ‘हाय’ चालेल, ‘आहे’ चालेल, दुधनीच्या डब्यात कानडी ‘इदे’ चालेल. पण मोटार चालू किंवा बंद करणारा शब्द चौघांच्या डब्यांत एकच काम करेल. नवा शब्द घालायचा तर आधी बाकीच्या तिघांना फोन.

“आणि आता जे डबे बसलेत त्यांचं?” महेश्वरीनं विचारलं.

हा विचार झीनतच्या मनात आधीच आला होता. बिभीषणला फारसं काही बदलावं लागणार नव्हतं. तिप्पण्णाला थोडंसं. महेश्वरीच्या टाक्या एका रस्त्यावरच्या. झीनतच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या प्रोग्रॅममध्ये मात्र ‘थांब चाळीस’, ‘थांब वीस’ लिहिलेलं होतं. नवा नियम लागला की ती प्रत्येक मोटार त्या शब्दाला येऊन कुलूपबंद होणार. भाषा जिनं बनवली, तिचीच बोली आता चुकीची ठरत होती.

राजेसाब जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ऐकत होते. “म्हणजे,” ते हळूच म्हणाले, “आपलं चूक आणि ह्यांचं बरोबर?”

“हो अब्बा.”

त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते झीनतनं आई गेल्याच्या दिवशी पाहिलं होतं. ते खाली गेले. थोड्या वेळानं खालून मोटारीवर लाकडी हातोडा पडल्याचा आवाज येऊ लागला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो धुऊन त्यांनीच दारात लावला. “किधर से शुरू करना?” एवढंच विचारलं.

पावसाळा लागेपर्यंत बाप-लेक गावोगाव हिंडले. काही ठिकाणी चहा मिळाला, काही ठिकाणी कुत्री अंगावर आली. “माझं बेस चाललंय की, कशाला हात लावताय?” असं म्हणून कितीतरी जणांनी शेडचं दारच उघडलं नाही. अशा वेळी राजेसाब पुढं होत आणि रावजींच्या हाताची गोष्ट सांगत. आपल्याच मुलीच्या चुकीची गोष्ट परक्या अंगणात उभं राहून सांगणाऱ्या बापाकडं झीनतला बघवत नसे. दार मात्र उघडायचं.

ज्यांच्यापर्यंत पोचता आलं नाही, त्यांचं तिनं फोनवरून बदललं. तिथं नको ते झालं. मोहोळ तालुक्यातल्या प्रभुलिंग नावाच्या रोपवाटिकावाल्याची एक जुनी ओळ बदलायची राहून गेली. तो लग्नाला म्हणून अक्कलकोटला गेलेला. डब्यानं ‘थांब’ वाचला आणि मोटार बंद करून कुलूप लावलं. माणूस परत आला तेव्हा मिरचीची रोपं कोळपून गेली होती. तो दुकानात आला, काळ्या ट्रेमधली वाळकी रोपं झीनतच्या टेबलावर उपडी केली. माती तिच्या मांडीवर सांडली.

“थांबली की तुमची मोटार! लई झ्याक थांबली!”

इतके दिवस तिच्या मनात कुठंतरी होतं की आपण चूक निस्तरतोय, म्हणजे आता आपल्या हातून कोणाचं वाईट होणार नाही. दुरुस्तीनंही कोणाचं तरी वाळतं, हे तिला त्या मातीनं सांगितलं. तिनं बार्शीच्या एका रोपवाटिकेतून त्याला तेवढी रोपं आणून दिली. त्यानं ती घेतली. डबा मात्र काढून टाकला.

दिवाळीच्या सुमारास चौघांच्या डब्यांवर एकसारखी पट्टी लागली. वर ‘पाट’, खाली थांब, दम धर आणि बाकी शब्द. दुधनीच्या डब्यावर तेच कानडीत. सांगोल्याकडच्या आणखी एका पॅनेलवाल्याचा फोन आला, आपल्यालाही यात घ्या म्हणून. तोही कुठूनतरी उतरवूनच घेतलेला होता. झीनतनं त्याला चोर म्हटलं नाही. “तुमच्याकडं थांबचा अर्थ काय?” हाच तिचा पहिला प्रश्न होता.

त्यानंतर ती आणि बिभीषण मिळून रावजींच्या गावी गेले. अधूनमधून ती आधीही जाऊन आली होती, पण नवा डबा घेऊन पहिल्यांदाच. काय बोलायचं ते तिनं वाटेत मनाशी जुळवलं होतं: मावशी, तुमच्यामुळं चार तालुक्यांतले डबे बदलले, आता थांब म्हणजे थांब. ती शेडमध्ये शिरली. भिंतीवर डबाच नव्हता. वायरी कापून टोकांना चिकटपट्टी लावलेली. जुन्या पद्धतीचा लोखंडी मेन स्विच तेवढा होता, आणि त्याच्या दांड्याला चिंधी बांधलेली.

मथुराबाई मागून आल्या. “ह्येच बरं वाटतंय. येते, दांडा वर करते, बसते हितंच पानी व्हईस्तवर.”

“मावशी, आता तसं होणार नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून...”

“व्हय गं, शिवराजनं सांगितलं मला. लई केलंस तू. पर त्या डब्याला काय बोलावं असं आता वाटंना मला.” त्या सहज म्हणाल्या, एखाद्या पाहुण्याशी बोलणं सोडल्यासारखं. “मला ठीक हाय म्हनला व्हता त्यो.”

झीनत नव्या डब्याचं खोकं हातात धरून उभी राहिली. समजावून सांगण्यासारखं खूप होतं तिच्याकडं. तिनं खोकं टेम्पोत नेऊन ठेवलं.

येताना बिभीषणनं वेल्डिंग करून पत्र्याचं एक झाकण आणलं होतं, मोटार आणि पंपाच्या मधल्या फिरत्या लोखंडावर बसवायला. आधीपासूनच तिथं असायला हवं होतं, आणि या भागातल्या निम्म्या विहिरींवर नसतं ते. मथुराबाईंनी मेन स्विचचा दांडा खाली पाडून वीज बंद केली आणि तिथंच उभ्या राहिल्या. बिभीषणनं झाकण धरलं, झीनतनं बोल्ट घातले. रावजी उजवा हात उपरण्यात गुंडाळून बांधावर बसले होते, ते उठून आले आणि डाव्या हातानं पाना धरू लागले. पाना निसटायचा. कोणी त्यांच्या हातातून घेतला नाही. चौथा बोल्ट आवळायला बराच वेळ लागला.